मेजावर ठेवायचं ते

पवित्र शास्त्र उघडताना निवृत्ती मास्तरांच्या बोटांना पुन्हा ते पत्र लागलं. लातूरच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांचं, दिवाळीआधी आलेलं. पुन्हा वाचायची गरज नव्हती. जिल्हा वेगळा झाल्यापासून पाळकांच्या फेऱ्याही नव्याने आखल्या जात होत्या. तुमच्या गावी उपकारस्तुतीचा सण कधी ठेवता ते कळवा. उत्तर न आल्यास गाव फेरीतून काढून रेणापूरला जोडू, असं त्यात होतं.

मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं.

सणाला प्रत्येक घराने पिकातलं पहिलं आणून मेजावर ठेवायचं. प्रार्थना झाली की लिलाव. कुणी भोपळा घरी न्यायचं, कुणी कोंबडी. यंदा ज्वारीला कणसं आली, पण दाणा भरलाच नाही. अशा माणसांना काय आणायला सांगायचं? आणि रिकाम्या मेजामागे उभं राहून, पाऊस देवाच्याच हातात आहे, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? गावात पाळक नव्हते, म्हणून प्रार्थना मास्तरांकडे आली होती. उभा जन्म शाळेत शिकवूनही मोठ्या माणसांसमोर त्यांना धड बोलता यायचं नाही.

ते उठून ओट्यावर आले, आत गेले, पुन्हा बाहेर आले. पारूबाई काखेत पेंढी घेऊन पायरीशी उभी होती.

"सण कवा हाय, मास्तर?"

मास्तर चष्मा पुसू लागले. यंदा राहू द्यावं, उगाच चारचौघांत लोकांची लाज निघेल, असं काहीसं पुटपुटले. रेणापूरला जोडलं तर बिघडलं काय, असंही म्हणाले.

"तितकं चालायचं म्हटलं तर काय बिघडलं, ते माझ्या गुडघ्याला इचारा. अन् लाज कुनाची? म्या पेरलं, म्या खुरपलं. फुडचं त्याच्याकडं व्हतं."

तिने पेंढी ओट्यावर ठेवली. सगळी पोचट कणसं.

"हे ठिवायचंय मेजावर."

"पारूबाई, अर्पण म्हणजे..."

"चांगल्या साली तुमीच सांगता, समदं त्यानंच दिलं. मंग यंदा काय दुसरं कुनी आलतं? त्याचंच हाय, तर त्यानं बघावं."

केरबा रिकामी घागर आणणार होता. सरजाबाईची म्हैस चाऱ्यावाचून गेली होती. ती दावं आणणार होती. पारूबाईने हे सगळं आधीच ठरवल्यासारखं सांगितलं आणि निघताना वळली.

"मागल्या साली माझी कोंबडी लिलावात घेतली, अन् ती येशीपत्तुर बी तुमच्या हातात ऱ्हायली न्हाई. सण तरी सोडू नका."

पेंढी तिथेच राहिली. मास्तर शास्त्र घेऊन तिच्याशेजारी बसले. पुस्तक नेहमीच्या पानावर आपोआप उघडलं. वादळातून देव सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला प्रश्न विचारतो, ते पान. दुष्काळात ते दर रविवारी हेच वाचून दाखवत आले होते. आज त्यांनी पानं मागे उलटली. आणखी मागे. देव बोलू लागण्याआधी तो माणूस फार वेळ बोलत होता, भांडत होता. देवाने त्याला मधेच थांबवलं नव्हतं.

त्यांनी फळीवरचं पोस्टकार्ड काढलं.

सकाळी फाट्यावरच्या टपालपेटीसमोर त्यांनी ते पुन्हा वाचलं. 'उत्तरास उशीर झाला. रविवार आपण ठरवावा. आणणारे पुष्कळ आहेत, म्हणून शाळेतलं मोठं मेज मागून ठेवतो. यंदा लिलाव नसावा. आणलेलं त्याच्यासमोरच राहू द्यावं.' शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं, असं त्यांना वाटलं. ते खोडण्यासाठी हात खिशाकडे गेला. पेन घरी राहिलं होतं.

मग त्यांनी कार्ड आत सोडलं. ते थेट पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला. पेटी रिकामीच असावी.