पाठीवर पडलेली कोंबडी

आमच्या वस्तीत नवी बाई आली की तिच्याजवळ पातेलं आहे की नाही, एवढं मी आधी बघते. संध्याकाळपर्यंत आपण सुटून घरी जाऊ अशी जिची खात्री असते, ती रिकाम्या हातानं येते. मी तशीच आले होते, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. सानातूकडेही पातेलं नव्हतं.

ती मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. हरमॅटनचा कोरडा वारा सुटला होता, दोघंही धुळीनं पांढरी झाली होती. मागून तिचा दीर डावुनी आणि त्यांच्याच गावची चार माणसं. डावुनीचा दहा वर्षांचा पोरगा मान ताठ होण्याच्या तापानं तीन दिवसांत गेला होता. त्या तापानं आजूबाजूच्या गावांतही मुलं गेली होती, पण हा पोरगा ताप भरण्याच्या आदल्या दिवशी सानातूच्या हातचे शेंगदाणे खाऊन आला होता. शिवाय सानातू विधवा, स्वतःचं शेत स्वतः करणारी, आणि तोंडाला तिखट. अशा बाईचं नाव पुढे यायला वेळ लागत नाही. माझं आलंच होतं की.

निवाडा तिंडाना करतो. तो इथल्या जमिनीचा पुजारी. बाईच्या घरच्यांनी आणलेली कोंबडी तो कापतो आणि अंगणात फेकतो. तडफडून ती पाठीवर पडली, छाती आभाळाकडे, तर बाई निर्दोष. तिनं आपल्या घरी जावं. पालथी पडली तर बाई चेटकीण. मग तिला देवस्थानची माती कालवलेलं पाणी पाजतात, तिची विद्या मरते, आणि ती जन्मभर इथं राहते. इथं तिच्या अंगाला कुणी हात लावत नाही, तेवढा तिंडानाचा दरारा आहे. कापलेल्या कोंबड्या सोलायचं काम माझ्याकडे. त्यामुळे या विषयात तिंडानाच्या खालोखाल मलाच कळतं, असं मी समजत होते.

सानातू माझ्या झोपडीच्या सावलीत बसली आणि पहिल्याच दमात मला म्हणाली की तिचा भात उकडून वाळत घातलाय, शेजारीण बकऱ्या आत सोडेल, तेव्हा हे लवकर आटपलं तर बरं. नंतर माझ्या रश्शाचा वास घेऊन, दावादावाचा मसाला जरा जास्तच पडलाय, असंही सांगितलं. मला राग आला आणि ती आवडलीही.

मुलाचं नाव नापारी. त्यानं पिशवीतून काढलेली कोंबडी बघून मी कपाळावर हात मारला. अंडी घालणारी, छातीला जड, चांगली गलेलठ्ठ. अशी कोंबडी हमखास छातीवर आपटते. हलका, लांब पायांचा कोंबडा आणायचा, तो उड्या मारमारून पाठीवर जातो. पोराला एवढं कुणी सांगितलं नाही म्हणून मी त्याला पाण्याच्या टाकीमागे बोलावलं आणि माझ्याकडचा कोंबडा घेऊन जा म्हणाले.

तो मान खाली घालून उभा राहिला.

"मावशी, हीच राहू दे. मी बाजारभर फिरून ही शोधलीय."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं सांगितलं. काल त्यानं आईला दुसऱ्या गावात नेऊन ठेवलं होतं, आणि रात्री काकाच्या माणसांनी तिची खोली पेटवून दिली होती. तिला अजून माहीत नव्हतं. त्यांच्या शेजारच्या गावातली एक बाई मागच्या वर्षी निर्दोष ठरून घरी परतली होती. तिनं पुजाऱ्याला लाच दिली असं म्हणत पोरांनी तिला आठव्या दिवशी विहिरीपाशी दगडांनी मारली. डावुनीकाका येताना वाटेत काहीच बोलला नव्हता, नुसता हसत होता.

"तिला सोडवायला नाही आणलं मी. इथं ठेवायला आणलंय. तिला सांगू नका, ती हट्टानं घरी येईल."

मी सांगितलं नाही. सावलीत परत आले तेव्हा सानातू विचारत होती की इथून मोठ्या रस्त्याला लागायला किती वेळ लागतो. मी म्हटलं, लागतो थोडा.

तिंडानानं गळ्यावर सुरी फिरवली आणि कोंबडी फेकली. ती जड अंगानं एकदा उडाली, कुशीवर पडली, पंखांनी धूळ उडवली. मी मनात म्हटलं, आता पालथी होईल. एवढ्या वर्षांत माझा अंदाज दोनतीनदाच चुकला असेल. तिनं एक पाय झाडला आणि ती उताणी पडली. छाती आभाळाकडे, पाय वर, कुणालाही शंका येऊ नये इतकी स्वच्छ.

बायकांनी जिभा हलवून आनंदाचा आवाज काढला. सानातूनं उठून पदर झटकला आणि दिराकडे बघितलं, बस्स, एवढंच. डावुनीनं पुढे होऊन तिचा हात धरला. म्हणाला, चला वहिनी, घरी चला, सगळे वाट बघतायत. त्याच्याइतकं गोड बोलणं मी त्या अंगणात ऐकलं नव्हतं.

तेव्हा नापारी मध्ये आला आणि तिंडानापुढे गुडघ्यांवर बसला.

आमच्याकडे एक नियम आहे. पोटच्या लेकरानं स्वतः पाहिलं म्हटलं की कोंबडीचं चालत नाही. आईविरुद्ध खोटं बोलणारं लेकरू या मातीत जगत नाही अशी समजूत आहे, म्हणून त्याच्या शब्दावर पुन्हा निवाडा होत नाही. एकोणीस वर्षांत हा नियम कुणी वापरलेला मी बघितला नव्हता.

"मी पाहिलंय," तो म्हणाला. "मध्यरात्री जाग आली तर आईच्या तोंडातून जाळ निघत होता. तो काकाच्या घरावर गेला. पोरगा पडला त्याच रात्री."

डावुनीनं तिचा हात सोडला. त्याचा चेहरा उतरला होता, कारण आता ती त्याच्या हातची गेली होती. सानातू मुलाकडे बघत राहिली. तिंडानानं मातीचं पाणी पुढे केलं तेव्हा तिनं ते मुकाट्यानं घेतलं आणि एका दमात प्यायली. नापारी निघाला तरी तिनं वळून बघितलं नाही. मी तिला माझं जुनं पातेलं दिलं.

त्यानंतर दर सहाव्या दिवशी, बाजार असतो तेव्हा, नापारी येत राहिला. सुरण, मीठ, एकदा चादर. सगळं माझ्या हाती देई आणि कुंपणाबाहेर उभा राही. सानातू झोपडीतून बाहेर येत नसे. त्या पोराचं नाव माझ्यापुढे काढू नकोस, असं तिनं वस्तीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगून ठेवलं होतं. आठ महिने मी हे बघितलं. पोरगा वाळत चालला होता. शेवटी मला राहवलं नाही. त्याचं ते 'सांगू नका' गेलं खड्ड्यात म्हटलं आणि शेंगा सोलता सोलता तिला सगळं सांगून टाकलं.

तिचे हात थांबले नाहीत.

"मध्यरात्री जाग आली म्हणे. लहानपणी घराशेजारी ढोल वाजले तरी उठायचा नाही तो. त्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलत का नाहीस त्याच्याशी?"

"बाजाराला आलेल्यांत डावुनीची माणसं असतात. मी बोलले की त्यांना कळेल हा खोटं बोलला. चेटकिणीला वाचवणाऱ्याचं काय करतात तुला माहीत आहे. अजून त्याच गावात राहतो तो."

कुंपणाबाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. सानातूनं शेंगांचं टोपलं माझ्याकडे सरकवलं आणि उठून झोपडीत गेली.

"त्याला सांग," आतून ती हळूच म्हणाली, "मी अजून रागावलेलीच आहे. आणि बघून ये, जेवतो का नीट."