टेकडीवरचा बोलायचा दगड

गावात टॉवर यावा म्हणून इंजिनिअरने कंपनीत किती जणांच्या नाकदुऱ्या काढल्या, ते त्याचं त्यालाच ठाऊक. डोंगराआडच्या त्या मूठभर घरांसाठी खर्च कोण करणार? पण गडी हट्टाला पेटला होता. कारण एकच, त्याचे वडील. अण्णा गावचे शिंपी, बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. पोराशी बोलायचं तर त्यांना टेकडी चढावी लागे. वर एक सपाट दगड होता, त्याला सगळे बोलायचा दगड म्हणत. लांबच्या जुन्या टॉवरची रेंज तेवढ्याच जागी यायची. एकाने दगडावर चढून बोलायचं आणि बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं, कुणाच्या घरचं कुणी ऐकू नये म्हणून. तरी सगळं ऐकू यायचंच म्हणा!

शेवटी टॉवर झाला, तोही अगदी नव्या पिढीचा. सुरू करायच्या दिवशी येतो म्हणून पोराने कबूल केलं होतं. अण्णांनी त्याच्यासाठी सदरा शिवून ठेवला. आणि ऐनवेळी दुसरीकडचं काम निघालं, हा गेलाच नाही.

"बरं," दगडावरून अण्णा एवढंच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचा फोन लागेना. संपर्क क्षेत्राच्या बाहेर! इंजिनिअरला हसूच आलं. घराघरात रेंज पोचवली आणि आपलाच बाप बाहेर? म्हातारा रुसलाय, दुसरं काय. त्याने गावच्या दुकानदाराला फोन लावला. तो आता गल्ल्यावर बसून व्हिडिओवर बोलायचा.

"अण्णा ना? अहो, ठणठणीत! रोज संध्याकाळी टेकडीवर जातात. आता तिथे काळं कुत्रंही फिरकत नाही, पण त्यांना चैन पडत नाही."

"फोन नेतात?"

"खिशात असतो की."

झालं! म्हणजे टेकडी चढायला पाय आहेत, खिशात फोन आहे, फक्त पोराला लावायचा नाही. आपण ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला, ते गाल फुगवून बसणार? मग यानेही ठरवलं, आधी त्यांनी करू दे. बापलेक दोघेही एकाच मुशीतले. महिने असेच गेले.

एके सकाळी दुकानदाराचाच फोन आला. चेहरा पार उतरलेला. अण्णा दगडापाशी पडलेले सापडले होते.

इंजिनिअर दवाखान्यात पोचला, तेव्हा अण्णांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, एक हात लुळा पडला होता. त्याला पाहून त्यांचे डोळे भरून आले, ओठ हलले, पण शब्द काही फुटेना. वाचा परत येईल असं धरून चालू नका, डॉक्टर म्हणाले.

उशाशी अण्णांचा फोन होता. जुना, बटणांवरची अक्षरं पुसून गेलेला. इंजिनिअरने सहज उचलून पाहिला. बॅटरी भरलेली, रेंज अजिबात नाही.

नवा टॉवर लागला त्याच आठवड्यात जुना बंद केला होता. दोन-दोन कशाला पोसायचे, म्हणून. आणि नव्या टॉवरवर हा फोन चालणारच नव्हता. बैठकीत कुणीतरी विचारलंही होतं, जुने फोनवाले काय करतील? तेव्हा यानेच हात झटकले होते. "असली डबडी आता आहेत कुणाकडे?"

स्वतःच्या बापाकडे आहे, हे त्याला तेव्हा आठवलंसुद्धा नव्हतं.

"मी म्हणायचो, माझ्या फोनवरून लावा," दुकानदार हळूच म्हणाला. "तर म्हणायचे, नको रे, साहेब कामात असेल. सवड झाली की करेल. आपण आपलं दगडावर हजर असावं."

अण्णांना घरी आणलं, तेव्हा त्याने त्यांच्या चांगल्या हातात नवा फोन ठेवला आणि एकटाच टेकडी चढला. दगडावर उभा राहिला. फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"अण्णा, तुम्ही रुसला नव्हतात हो. मीच बंद केला होता तो टॉवर. मीच!"

पलीकडून शब्द आला नाही. पण एवढीसुद्धा खरखर नव्हती, आणि म्हाताऱ्याचं रडणं त्याला शेजारी बसल्यासारखं स्वच्छ ऐकू आलं.