चुलीवरची कणसं

आषाढात पेरणीसाठी बिरदेवानं तुळईवरची कणसं खाली काढली, तेव्हा नुकसान कळलं. कणसाला हात लावला की पीठ गळत होतं. दाण्यादाण्याला भोक पडलं होतं.

मक्याचं बी त्याची बायको भामाबाई चुलीवर टांगायची. सालं मागं सारून जुडी बांधायची. रोजचा धूर लागला की किडा फिरकत नसे. ती चैत्रात गेली आणि बिरदेवानं चूल पेटवणंच सोडलं. सून सुकन्या वस्तीवरच्या घरून भाकरी द्यायची, ती तो गोठ्यात बसून खायचा.

"मामंजी, मी येऊन पेटवली आसती," सुकन्या म्हणाली. "तुमीच सैपाकघराला कुलूप घातलंवतं."

"दुखण्यानं तिला नेली. तिचं बी मी घालवलं," एवढंच तो बोलला.

गावात पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. मजुरीत मका मिळायचा. परदेशानं मदत म्हणून धाडलेली पोती, त्यावर छापलेला झेंडा, आत टपोरा पिवळा दाणा. बिरदेवानं त्यातलाच मका रानात पेरला. जोमानं उगवला.

दीड महिन्यानं तो दळण घेऊन गिरणीत गेला. गिरणीवाला युनूस दाणे हातात घेऊन म्हणाला, "बिरूआबा, ह्यो मका पेरलाय म्हणं तुमी?"

"पेरला. का रं?"

"पेपरात आलंय. तिकडं प्रयोगशाळंत बी बदलत्यात. तसलं धान्य मदतीत धाडावं का न्हाय, ह्याच्यावर भांडणं चालल्यात. ह्यो त्यातला हाय का न्हाय, कुणी सांगंना. पोत्यावर तर काय लिवलेलं न्हाय."

सरपंच मोहनराव तिथंच होते. "धर्माची गाय आन् दात का गं न्हाय! समदं गाव खातंय. कुणाला शिंगं फुटली?"

"खाल्लेलं पोटात ऱ्हातं, सरपंच," युनूस म्हणाला. "पेरलेलं वाऱ्यावर जातं."

"माजं आता काय जायचं ऱ्हायलंय?" म्हणत बिरदेव घरी आला.

दुसऱ्या दिवशी बांधापलीकडून सिंधुबाईनं हाक मारली. तिचा नवरा झुंबर आणि बिरदेव बांधाच्या दगडावरून तीन वर्षं बोलत नव्हते.

"भावजी, आठ दिसांत तुमचा मका तुरा काढंल."

"काढू द्या की."

"काढू द्या कसं? वारा तुमच्याकडनं आमच्यात येतो, तुऱ्याची धूळ आमच्या कणसांवर बसंल. आन् आमचं बी कुणाचं हाय, ठावं हाय? भामाक्कानं गेल्या साली माज्या ओटीत घातलंवतं. तुमा गड्यांचं वाकडं, म्हणून गपचिप."

बिरदेवानं बांधावरून पाहिलं. बुडाशी तांबूस ताटं. भामाबाईचाच मका.

मागून झुंबर विळा घेऊन आला. "तू कापतोस, का मी कापू?"

"माज्या रानात पाय टाकून बघ!"

झुंबर थुंकला आणि बांधावरच बसून राहिला.

सकाळी बिरदेवानं स्वतःच विळा लावला. दोन सऱ्या झाल्या नाहीत तोच मोहनराव धापा टाकत आले. "आरं, थांब! ही बोंब तालुक्याला गेली आन् सायबानं पोती थांबवली, तर चाळीस घरं काय खातील? तू जाऊन सांगशील त्यास्नी?"

बिरदेवाचा हात थांबला. त्या चाळीस घरांत त्याचंही घर होतं.

"मी कुणाला खाऊ नगा म्हणत न्हाय," तो म्हणाला. "मीबी तीच भाकर खातोय. पर हितं तुरा फुटू देणार न्हाय."

"आन् ह्ये गुरांपुढं टाकणार? त्यास्नी चालतं व्हय?"

"पोटात ऱ्हातं न्हवं?"

मोहनराव शिव्या देत गेले. तेवढ्यात झुंबर बांध ओलांडून आला आणि दुसऱ्या कडेनं कापू लागला. या वेळी बिरदेवानं त्याला अडवलं नाही. दिवस कलायच्या आत रान मोकळं झालं.

"सालभर काय खाशील?" तीन वर्षांनी झुंबरानं नीट विचारलं.

"तलावावर माती वाहीन. पोत्यातलंच खाईन."

कापलेला मका तसला होता का, ते कधीच कळलं नाही.

आश्विनात सिंधुबाईनं पाच कणसं आणून दिली. बिरदेवानं सैपाकघराचं कुलूप काढलं. भामाबाईची गाठ त्याला जमेना, म्हणून सुतळीचे चार वेढे देऊन त्यानं कणसं तुळईला टांगली. मग खाली उतरून चुलीपुढं बसला.

चूल पेटवायची अजून राहिली होती.