किल्लीचा सराव

कारखान्यातील सुट्या भागांच्या कोठारावर नेमलेल्या त्या गृहस्थांना सहकारी ‘पंडित’ म्हणत. म्हणत ते चिडवण्यासाठी. पंडितांना मात्र तो सन्मान वाटे. मुख्य भांडारपालाची जागा रिकामी झाली होती आणि तिच्यासाठी मोठे साहेब सोमवारी सकाळी कोठारातच तोंडी परीक्षा घेणार होते, तीही इंग्रजीतून.

पंडितांनी ‘फाइंड’ या क्रियापदापासून आरंभ केला. कोठारात दुसरे काम ते काय? शब्दकोश उघडताच ते थक्क झाले. हरवलेले सापडले तरी फाइंड, मुद्दाम शोधून काढले तरी फाइंड. एखादे काम अवघड वाटले तरी फाइंड, आणि न्यायाधीशाने कुणाला दोषी ठरवले तरी फाइंडच. एवढा संसार एकट्याने ओढणाऱ्या त्या शब्दाविषयी त्यांच्या मनात बंधुभाव दाटून आला.

घोकंपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून ते घरातील वस्तू स्वतःच लपवीत, मग शोधीत आणि सापडताच मोठ्याने इंग्रजी वाक्य म्हणत.

“अहो, माझा चष्मा कुठाय?” पत्नीने विचारले.

“थांब जरा. त्याचं वाक्य व्हायचंय.”

“तोवर भाजी चाचपून चिरू का?”

रविवारी संध्याकाळी सराव कठीण करावा, या थोर हेतूने त्यांनी कोठाराची किल्लीच लपवली. तेवढ्यात मेहुणे आले, गप्पा रंगल्या आणि किल्ली डोक्यातून साफ गेली.

सोमवारी सकाळी घर उलथेपालथे झाले. फक्त बूट कुणी पाहिले नाहीत. किल्ली बुटात ठेवील असा मूर्ख घरात होता कोण? अखेर समारंभाचे काळे बूट चढवून पंडित निघाले. उजवा पाय भयंकर टोचत होता. बढतीच्या आधीच आपले पाय फुगले, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

कुलूपबंद दारापाशी साहेब उभे होते. पंडित लंगडत आले, किल्ली हरवल्याचे मराठीतच सांगून मोकळे झाले आणि कळ सोसवेना म्हणून त्यांनी बूट काढला. किल्ली खणकन फरशीवर पडली.

“व्हेअर डिड यू फाइंड इट?” साहेबांनी गंभीरपणे विचारले. तोंडी परीक्षा सुरू झाली होती.

सारे अर्थ तोंडपाठ असलेल्या पंडितांनी उत्तरादाखल नुसता बूट वर धरला.

संध्याकाळी पत्नीने विचारले, “काय म्हणाले साहेब?”

“जागा दुसऱ्याला दिली. आणि किल्ली आता पहारेकऱ्याकडे राहणार.”

“म्हणजे मेहनत फुकट गेली म्हणायची.”

“फुकट कशी? न्यायाधीशाचा अर्थ आज स्वतःवरच वापरून झाला.”

“बरं झालं. आता माझी कात्री कुठे लपवलीत, तेवढं आठवा.”

पंडित कपाटाखाली वाकले. या खेपेस मात्र इंग्रजी वाक्याविना.