तिसऱ्या कडव्यातली जागा

गालेबोए झुडपांमधून बाहेर आली तेव्हा रस्त्यावर बस नव्हती.

आधी तिला वाटलं, आपणच भलत्या बाजूने बाहेर पडलो. मग टायरांच्या ताज्या खुणा दिसल्या, तिच्या मैत्रिणीने, केलापिलेने, खिडकीतून फेकलेल्या संत्र्याच्या साली दिसल्या, आणि उत्तरेला, जिथे तो सरळसोट रस्ता आभाळाला टेकतो, तिथे एक पांढरा ठिपका दिसला. बघता बघता तोही दिसेनासा झाला.

"अहो! थांबा! मी राहिलेय!"

बावन्न वर्षांची बाई. सेरोवेच्या शाळेत पोरांसाठी तीस वर्षं लापशीची पातेली ढवळलेली. ती ओरडली की अख्खं पटांगण गप्प व्हायचं. इथे मोपानीच्या झाडावरून दोन पाखरं तेवढी उडाली.

नाटा गाव मागे पडलं की पुढे कित्येक मैल वस्ती नाही. हा रस्ता हत्तींचा. माणसांनी गाडीत बसून मुकाट जायचं. ड्रायव्हरने थांबताना बजावलं होतं, "पाच मिनिटं. बायका डावीकडे, बाप्ये उजवीकडे. दहा पावलांच्या पुढे कोणी जायचं नाही. गेल्या महिन्यात मी इथेच सिंहीण बघितलीय." सगळ्या बायका दहा पावलं गेल्या. गालेबोए साठ गेली. का, तर रागाने. रागावलेल्या माणसाला आडोसासुद्धा जास्त लागतो.

राग होता टेनरवाल्यांवर. चर्चच्या गाण्याच्या मेळ्यात ती चोवीस वर्षं आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, गात आली होती. यंदा दौऱ्यावर निघताना टेनरमधला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजातला, एकजण पासपोर्टच्या घोळात घरीच राहिला. नवाचे आठ उरले. आणि नदीच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्यात, जो एक उंच सूर आहे, तो घेणारा नेमका तोच होता. तेव्हा मेळ्याचे मास्तर सेआबेलो यांनी काल फ्रान्सिसटाउनच्या कार्यक्रमाआधी गालेबोएला हाताला धरून बाप्यांच्या रांगेत उभं केलं. "म्मा," बायकांना मानाने म्हणतात तसं ते म्हणाले, "आजपासून तू टेनर." गाताना ती जागा आली आणि आठही बाप्ये तोंडं मिटून उभे राहिले. सूर तिने एकटीने तोलला. टाळ्या घ्यायला मात्र नऊजण वाकले.

आज बसमध्ये तिने ते काढलंच. "मी काय तुमची गाढवीण आहे? ओझं आलं की गालेबोए!"

टेनरचा मुखिया डितिरो हा धंद्याने खाटीक, अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून. तो म्हणाला, "म्मा, तुमचा गळा देवाने दिलाय. आमचे बायकांनी दाबलेत."

सगळी बस खिदळली. ती नाही हसली. "साडेचारच्या बसमधल्या तालमीला तुम्ही आठजण त्या जागेला गायला नाहीत ना, तर सीमेपलीकडे लिव्हिंगस्टनला मी तोंड उघडणार नाही. देवाशप्पथ!"

"गातो, गातो!" डितिरोने छातीवर हात ठेवला. "शब्द दिला. आठ बैल एकदम हंबरतील, बघाच तुम्ही."

आणि मग बस थांबली होती.

तिने घड्याळ पाहिलं. चार वाजून पाच. पर्स सीटवर, फोन पर्समध्ये. खिशात कागदात गुंडाळलेला एक तळलेला पिठाचा गोळा, माग्विन्या, सकाळचा. बस.

पण मोजलं कसं नाही? तर मोजलं असणार, आणि बरोबर मोजलं असणार. मेळ्यात ज्याची त्याची फळी ज्याने त्याने मोजायची, ही जुनी रीत. केलापिले आल्टो मोजते. बारा होत्या, गालेबोए गेली, अकरा. बरोबर. डितिरो आपले बाप्ये मोजतो. आठ. बरोबर. नववी एक बाई आहे हे त्या खाटकाच्या डोक्यात कुठून यायला! शेजारच्याला वाटलं असेल, रुसून मागे आल्टोत जाऊन बसली. आल्टोंना वाटलं असेल, पुढे आहे.

म्हणजे कळणार केव्हा? साडेचारला. जग बुडालं तरी मास्तर साडेचारला तालीम घेणारच. चाळीस वर्षं शाळेची घंटा वाजवलेला माणूस. पहिलं नदीचं गाणं. तिसरं कडवं येईल, ती जागा येईल, बाप्ये सवयीने गप्प बसतील, आणि तिथे भगदाड पडेल. मास्तर वळून बघतील.

हे मनात आलं आणि तिला बरं वाटलं. जेमतेम दोन श्वास. मग तिच्या तोंडचं पाणी पळालं.

गायले तर?

डितिरोने शब्द पाळला तर? आठ बैल खरंच हंबरले तर कोणाला काही कळणार नाही. तालीम छान होईल. मास्तर खूश होतील. बस सीमेजवळच्या कासानेला पोचेल, सामान उतरेल, आणि गालेबोए कुठे म्हणून कोणी विचारेल तेव्हा इथे मिट्ट काळोख असेल. चोवीस वर्षांत तिने त्या आळशांकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती आजच मागायची होती!

"देवा," ती मोठ्यानेच म्हणाली, "आजच्या दिवस त्यांना आळशी ठेव. उद्यापासून सुधार. आज नको."

उजवीकडे फांदी मोडली. मग दुसरी.

पहिल्यांदा दिसले ते पाय, झाडाच्या बुंध्यांत मिसळलेले. मग कान. एक हत्तीण, तिच्या मागे दोन, मध्ये एक पिल्लू. पिल्लू पाहून गालेबोएची पाचावर धारण बसली. नर परवडला, पिल्लाची आई नाही. ती पावलापावलाने मागे सरली आणि वारुळाआड खाली बसली. अंगावरची शाल तिने तोंडावर दाबून धरली, कारण दात वाजत होते आणि तिला वाटत होतं, तेही ऐकू जाईल. हत्तीण रस्त्याच्या मधोमध थांबली. सोंड उंच करून तिने वारा हुंगला. गालेबोएला खिशातल्या माग्विन्याच्या तेलाचा वास एकदम नाकात आला. एवढा वास येतो याला? काढून फेकावा, तर हालचाल. ठेवावा, तर वास. तिने तो खिशातच घट्ट मुठीत दाबला.

दक्षिणेकडून मालाचा ट्रक आला. तिने जीव मुठीत धरून एक हात वर केला. ड्रायव्हरचं सगळं लक्ष हत्तींवर. त्याने वेग कमी केला, कडेकडेने गाडी काढली आणि जी दामटली ती दामटलीच.

साडेचार वाजले. आता उभे राहिले असतील. पहिलं कडवं. दुसरं. ती मनात त्यांच्याबरोबर गात होती, अक्षर अन् अक्षर. तिसरं कडवं आलं. गप्प बसा. गप्प बसा रे मेल्यांनो, तुमच्या पाया पडते.

बस निघून पस्तीस मिनिटं झाली होती, तेव्हा परत यायलाही पस्तीस. सव्वापाचला आली तर आली.

पिल्लू रस्त्यावर लोळलं. सावल्या लांबल्या. दूर कुठेतरी काहीतरी घोगरं खाकरलं, हत्ती नव्हे. त्या आवाजाने हत्तिणींनी पिल्लाभोवती कडं केलं, आणि गालेबोएच्या अंगावर जो काटा आला तो गेलाच नाही. सव्वापाच झाले. पाच वीस झाले. पाच पंचवीस. तिला आता खात्री पटली, की ते गायले. छान गायले. ती रडायला लागली, आवाज न करता, शाल तोंडात कोंबून.

पावणेसहाला उत्तरेकडून दोन दिवे दिसले. वाटेत दुसऱ्या कळपाने अडवलं होतं, हे नंतर कळलं. बस दूरच थांबली. ड्रायव्हर शहाणा, त्याने हॉर्न वाजवला नाही. हत्तिणी आपल्या मर्जीने, पिल्लाला ढकलत, पलीकडच्या झाडीत गेल्या तेव्हा सूर्य बुडायला आला होता. दार उघडलं आणि डितिरो धावत आला. त्याने तिला बोकडासारखं उचललं आणि आत नेलं.

केलापिले रडत होती आणि बोलत होती. "साठ पावलं जातं का गं कोणी? हत्तींना लाजत होतीस?"

मास्तर घामाघूम होते. "मला वाटलं, तू रुसून गात नाहीस. मी ओरडलो, म्मा, सूर! वळून बघतो तर सीटवर नुसती पर्स."

"आम्ही गप्प बसलो, म्मा," डितिरो मान खाली घालून म्हणाला. "शब्द दिला होता, पण जागा आली आणि आठांची तोंडं आपोआप मिटली. लाज वाटते. पण आता गातो. उठा रे!"

बस निघाली. आठजण उभे राहिले आणि शरमेने, जीव तोडून गायला लागले. तिसरं कडवं आलं. आठांनी तोंडं वासली.

"बंद करा!"

ती एवढ्या जोरात किंचाळली की ड्रायव्हरने ब्रेक दाबला. तिच्या मुठीत अजून माग्विन्याचा लगदा होता.

"त्या जागेला कोणी गायचं नाही. कधीच नाही. ऐकलंत? ती माझी आहे."

कोणी हसलं नाही. मास्तरांनी हात वर केला. "तिसरं कडवं. पुन्हा."

जागा आली. आठ तोंडं मिटली. गालेबोएचा सूर थरथरला, मध्येच तुटला. मास्तरांनी हात खाली घेतला नाही. तिने श्वास भरून तो पुन्हा धरला, आणि बस सीमेवर पोचेपर्यंत डितिरोची बाही काही तिने सोडली नाही.