शंभराचा ताळा

स्टेपलरच्या तोंडात अडकलेली पिन – अर्धी वाकलेली, अर्धी बाहेर – ती मघापासून नखाने ओढत होती, आणि नख दुखायला लागलं तरी सोडवत नव्हतं. कारण पिन सोडली तर समोर बघावं लागलं असतं, आणि समोर पडद्यावर तो तक्ता उघडा होता, तिनेच बांधलेला, शेवटच्या ओळीत शंभर टक्के दाखवत साळसूदपणे उभा.

नेमके शंभर. म्हणून तर कुणाला शंका आली नाही.

मंगळवारी तिच्या लक्षात आलं होतं, आणि आज शुक्रवार. कंपनीचे सात विभाग, प्रत्येकाचा खर्च, आणि शेजारी तिने घातलेला रकाना – ‘एकूण खर्चातील वाटा’. विभागाचा खर्च भागिले एकूण खर्च. शाळकरी पोरालाही जमेल असं गणित. पण ‘एकूण’ म्हणजे काय, हे सूत्रात लिहिताना तिने घाई केली होती. सगळ्या कंपनीची बेरीज धर, असं सांगायचं सोडून पडद्यावर दिसतंय तेवढ्याचीच धर, असं सांगून ती मोकळी झाली. सोमवारच्या बैठकीत साहेबांनी कारखाना, वाहतूक, विक्री हे तीन दांडगे विभाग फिल्टर लावून झाकले. उरले चार, आणि त्या चारांचेच इमानेइतबारे शंभर झाले. दुरुस्ती विभागाचा वाटा होता नऊ टक्के, तो दिसला चौतीस. “एकूण खर्चाच्या चौतीस टक्के!” साहेब म्हणाले, आणि टेबलाभोवतीच्या माना हलल्या. तिचीही हलली होती... हलली होती ना? आठवत नाही. आठवत नाही म्हणणं किती सोयीचं असतं.

दुरुस्ती विभाग महिनाअखेर बंद. कामं बाहेर द्यायची. सहा माणसं. त्यांना पत्रं मिळाली ती बुधवारी – म्हणजे मंगळवार आणि बुधवार यांच्यामध्ये एक अख्खी रात्र होती, आणि त्या रात्री ती, मी, कूस बदलत पडले होते आणि नवऱ्याने विचारल्यावर “काही नाही, पाठ दुखतेय” म्हणाले होते...

पाचवीत असताना एक गणित तिने चुकीच्या रीतीने सोडवलं होतं आणि उत्तर मात्र बरोबर आलं होतं. बाईंनी वही वर्गाला दाखवली, टाळ्या झाल्या. घरी बाबांनी तीच वही उलटसुलट बघितली आणि हसून म्हणाले, “ताळा जुळला म्हणजे गणित बरोबर, असं नसतं गं. कधीकधी दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात.” दुसऱ्या दिवशी बाईंना सांगायचं ठरलं. बाई रजेवर होत्या. त्याच्या पुढच्या दिवशी मात्र त्या रजेवर नव्हत्या, आणि तरीही –

“येऊ का?”

दारात मास्तर. दुरुस्ती विभागाचे प्रमुख. निम्म्या कारखान्याला हत्यार धरायला त्यांनी शिकवलं, म्हणून सगळ्यांचे मास्तर. हातात एक कागद.

“हत्यारांची यादी आहे. सोपवून द्यायचीय. एवढी एक प्रत काढून देता?”

तिने कागद घेतला. एकशे बारा नोंदी, प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात हत्यार कुठल्या साली घेतलं ते.

“तुमचा तक्ता बघितला मी,” मास्तर म्हणाले. “साहेबांनी दाखवला. आम्ही एवढे महाग कधी झालो, ते काही कळलं नाही. पण आकडाच तसा म्हटल्यावर बोलायचं काय?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला निदान तोंड तरी लपवता आलं असतं.

प्रत त्यांच्या हाती देऊन ती तडक साहेबांच्या खोलीत गेली, बसलीसुद्धा नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आणि बोलताना स्वतःचाच आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटत राहिला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“नऊ?”

“नऊ.”

“हे बघा, निर्णय काही एकट्या टक्क्यावर झालेला नाही. वर कळवावं लागेल. सोमवारी बघू. तोवर सूत्र दुरुस्त करून ठेवा, आणि... उगाच बभ्रा नको.”

सूत्र दुरुस्त करायला चार मिनिटं लागली. तीन विभाग झाकले तरी नऊ ते नऊच राहिले. खालच्या ओळीत आता शंभर नव्हते, साडेसव्वीस होते. झालं. चार मिनिटांचं काम. सोमवार – सोमवारी साहेब दौऱ्यावर असतील, मग मंगळवार येईल, आणि मी अशीच पिना ओढत बसेन... ती उठली, आणि पाय जिन्याने खाली निघाले तेव्हा तिने त्यांना अडवलं नाही.

दुरुस्ती विभागात तेलाचा वास होता. मागच्या बाजूला पाच जण एका उघड्या मोटरीवर वाकले होते – पंधरा दिवसांनी बंद होणाऱ्या विभागात, त्याच नेटाने. मास्तर पुढे आले. तिने सांगितलं. आकडा, चूक, साहेब, सोमवार. काहीच हातचं राखलं नाही.

मास्तर म्हणाले, “तुम्हाला हे कधी कळलं?”

‘आज’ हा शब्द जिभेवर तयार होता. दोन अक्षरं. कोण तपासणार होतं?

“मंगळवारी.”

मास्तरांनी फडक्याने हात पुसले – एकेक बोट, सावकाश. “आम्हाला पत्रं बुधवारी मिळाली,” ते म्हणाले. मग त्यांनी मान मागे वळवली. “यांना मी सांगू, की तुम्ही सांगता?”

“मी सांगते.”

बोलून गेली आणि मग कळलं की पहिला शब्दसुद्धा ठाऊक नाही. सगळं सांगून टाकलं की हलकं वाटेल, अशी जी एक समजूत जिना उतरताना मनात धरली होती, तिचा आता मागमूस नव्हता. पण पळावंसंही वाटत नव्हतं. कुणीतरी मोटरीवरून डोकं वर काढलं. मग दुसऱ्याने. ती त्यांच्याकडे बघत राहिली – पहिल्यांदाच, एकेकाकडे – आणि ते काय म्हणतील, हे आधीच ओळखायचा प्रयत्न तिने सोडून दिला.