अपघात : एकही नाही

आधीच सांगून ठेवते, मी भांडकुदळ आहे. आमच्या यार्डात कुणालाही विचारा. क्रेनच्या केबिनमध्ये इतकी वर्षं एकटीनं बसायचं, हुकाला भरलेला कंटेनर लटकलेला, खाली माणसं इकडून तिकडे, आणि कुणाच्याही डोक्यावरून तो न्यायचा नाही. हे काम गोड बोलून होत नाही. "सरक बाजूला, मेल्या!" असं वॉकीटॉकीवर ओरडावंच लागतं. समोर हमाल असो नाहीतर साहेब, माझं ओरडणं सगळ्यांना सारखंच. म्हणून तर आजवर माझ्या हुकावरून एक खोकंसुद्धा सुटलेलं नाही.

तर त्या सोमवारी मी कामावर गेले आणि केबिनची किल्ली मिळेना. गेटवरचा माणूस नजर चुकवत म्हणाला, "मावशी, तुमचं पान लाल झालंय."

"कसलं पान?"

"कॉम्प्युटरवरचं."

ते पान म्हणजे काय, ते सांगते. यार्डानं मध्यंतरी विकी सुरू केला होता. म्हणजे कॉम्प्युटरवरचं एक मोठं पुस्तक, सगळ्यांनी मिळून लिहायचं. प्रत्येक क्रेनचं एक पान, प्रत्येक ऑपरेटरचं एक पान. मागच्या बाजूला आपण आपापले रकाने भरायचे: नाव, परवाना, कुठली क्रेन येते, अपघात. मग पुढच्या बाजूला साचा ते सगळं मांडून दाखवतो. साचा सगळ्या पानांना एकच. बिस्किटांचा असतो ना, तसा. पीठ तुमचं, आकार त्याचा. पानाच्या वर एक पट्टी येते, हिरवी किंवा लाल. हिरवी असेल त्यालाच क्रेन द्यायची, लाल असेल त्याला चौकशी होईपर्यंत बसवून ठेवायचं, हा साहेबांचा नियम.

माझं पान इतके दिवस ऑफिसातल्या कुणीतरी उरकून टाकलं होतं. आदल्या शनिवारी मुलीनं मला शिकवलं आणि मी स्वतः चष्मा लावून बसले. 'अपघात' हा रकाना रिकामा होता. मला तर रागच आला. सांगण्यासारखी हीच तर एक गोष्ट आहे माझ्याकडे! मी एका बोटानं टाइप केलं: एकही नाही. आणि त्या दिवशी छान झोपले.

मी तडक ऑफिसात गेले. विकी सांभाळायला तिथे जे बसतात ते आमचे जावई. साचा त्यांनीच बनवलेला. जावयाशी जपून बोलावं, एवढं मला कळतं. लग्न झाल्यापासून त्या एका माणसासमोर मी आवाज चढवलेला नाही, ह्याचं सगळ्या घराला नवल वाटतं.

स्क्रीनवर माझा फोटो होता आणि त्याच्या डोक्यावर लालभडक पट्टी: 'अपघाताची नोंद आहे.' मी लिहिलेलं वाक्य कुठेच नव्हतं.

"जावईबापू, हे काय?"

"आई, त्याचं असं आहे," ते खुर्ची मागे सरकवत म्हणाले. "साचा वाचत नाही. तो फक्त बघतो, रकान्यात काही आहे की रिकामा आहे. काही असलं की लाल, रिकामा असला की हिरवा."

"मी काय लिहिलंय?"

"एकही नाही."

"मग?"

"म्हणजे काहीतरी लिहिलंय."

शिकलेला माणूस, माझ्या मुलीचा नवरा, आणि हे वाक्य तो न हसता बोलला!

"तेवढे दोन शब्द पुसून टाका," ते म्हणाले. "पट्टी लगेच हिरवी होईल. मीच पुसतो, थांबा."

"हात लावू नका." हे मी जरा जोरातच म्हटलं असावं, कारण पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मी आवाज उतरवला. "चूक साच्याची आहे ना? मग साचा सुधारा."

ते कानकोंडे झाले. म्हणाले, साचा साहेबांच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. सगळी पानं जहाज कंपन्यांनाही दिसतात. रिकामा म्हणजे हिरवा, हे साहेबांनीच सांगितलेलं. पानं स्वच्छ दिसली पाहिजेत म्हणून.

"धडामचं पान दाखवा," मी म्हटलं.

धडाम म्हणजे आमच्यातलाच एक ऑपरेटर, वयानं माझ्यापेक्षा बराच लहान. मागच्या वर्षी त्याच्या हुकावरून कंटेनर सुटला तो थेट एका ट्रकवर. ड्रायव्हर नुकताच चहाला उतरला होता म्हणून वाचला. ट्रकची पोळी झाली. तेव्हापासून त्याला सगळे धडाम म्हणतात, तोंडावरसुद्धा. साहेब तेव्हा म्हणाले होते, माणूस मेला नाही, मग अपघात कसला?

धडामचं पान उघडलं. हिरवंगार. रकाना रिकामा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावयांसमोर होते म्हणून तोंडातले शब्द गिळले आणि साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "बाई, दोन शब्दांचा प्रश्न आहे. पुसा आणि वर जा. गुरुवारी जहाज येतंय, मोठे ट्रान्सफॉर्मर उतरवायचेत. तोवर पान हिरवं झालं नाही, तर मोठी क्रेन मी धडामला देईन. आणि एकदा दिली की दिली. मग उगाच माझ्याकडे येऊ नका."

म्हणजे बघा. दोन शब्द पुसले तर क्रेन माझी. नाही पुसले तर जन्माची गेली, आणि तीही त्या धडामला.

घरी आल्यावर मुलगी आधीच येऊन बसलेली. नवऱ्यानं फोन केला असणार. "आई, का हट्ट करतेस? तू रोज वर चढतेस ते काम महत्त्वाचं की ते दोन शब्द? यांचीही पंचाईत होतेय ऑफिसात."

"यांची पंचाईत होतेय ते दिसतं तुला. आणि माझी?"

आमचे हे शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "तिला सांगून काही उपयोग आहे का?" पण नंतर मला एकटीला म्हणाले, "अगं, पुस ना. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. कॉम्प्युटरला काय करायचंय?"

कॉम्प्युटरचं मला काही पडलेलंच नव्हतं हो. मला माणसांचं पडलं होतं. रिकामा रकाना म्हणजे काय? कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. धडामचा रिकामा आणि माझाही रिकामा, दोघांच्या डोक्यावर तीच हिरवी पट्टी. एवढी वर्षं पाऊस, वारा, तापानं फणफणलेलं अंग, काहीही असो, ओझ्याच्या चारही कोपऱ्यांचं प्रत्येक लॉक बसलंय का ते दोनदा विचारून मगच उचललं, त्याचं काय झालं मग? हवेत गेलं? ते वाक्य मी कमावलंय. ते पुसायला सांगणारे हे कोण?

मंगळवारी मला गेटवर बसवलं, ट्रकच्या पावत्यांवर शिक्के मारायला. मी शिक्के मारले. इतके जोरात मारले की टेबलाचा पाय डुगडुगायला लागला. दुपारी चहाच्या टपरीवर सगळे ऑपरेटर जमले, तेव्हा मी उभी राहिले.

"ज्यांच्या हातून कधी काही झालं नाही, त्यांनी हात वर करा."

जवळजवळ सगळे हात वर गेले.

"मग तुमच्या पानावर ते लिहिलेलं का नाही? लिहा ना! आपलं पान आपण भरायचं, नियमच आहे तसा. खोटं मात्र कुणी लिहायचं नाही. झालं असेल तर झालं म्हणून लिहा."

"मावशी, लाल होईल."

"होऊ दे की! साहेब लाल पानवाल्याला क्रेन देत नाहीत. बघू, कुणाकुणाला देत नाहीत ते."

आधी एकजण हसला, मग सगळेच हसायला लागले. मोबाइल बाहेर आले. धडाम तेवढा चहा अर्धा टाकून निघून गेला. मी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "जा, जा! तुझं हिरवं आहे ना, सांभाळ!" मला त्याची अज्जिबात दया आली नाही.

बुधवारी सकाळी सगळं यार्ड लाल. साहेब लालेलाल. त्यांनी जावयांना सांगितलं, सगळ्यांच्या पानांवरून ते शब्द पुसा. जावयांनी पुसले. आम्ही परत लिहिले. त्यांनी परत पुसले. दुपारपर्यंत हाच खेळ चालला. विकीत कुणी काय लिहिलं, कुणी काय पुसलं, ते सगळं मागे जपून राहतं, आणि तिथे ओळीनं दिसत होतं: पुसणारे आमचे जावई, लिहिणारं सगळं यार्ड. शेवटी जावयांनी हात मागे घेतले, आणि स्वतःच्या नावानं पुसायची साहेबांची तयारी नव्हती. मुलीनं नंतर सांगितलं, ते साहेबांना म्हणाले होते, "खरं लिहिलेलं मी आता पुसणार नाही. पाहिजे तर तुम्ही पुसा." मला हे कळलं तेव्हा इतकं भरून आलं की मी मुलीला उगाचच ओरडले.

गुरुवारी जहाज धक्क्याला लागलं. ट्रान्सफॉर्मर एकेक घराएवढे. खाली कामगार, ट्रेलर, जहाजाचे लोक, सगळे ताटकळत उभे. साहेब फायली घेऊन धक्क्यावर आले, मोबाइलवर पानं बघितली आणि म्हणाले, "नियम म्हणजे नियम. एक पान हिरवं आहे." आणि केबिनची किल्ली धडामपुढे धरली.

माझी क्रेन तर गेलीच. पण त्या अवजड धुडाखाली जी माणसं उभी राहणार होती, ती माझ्या रोजच्या ओरडण्यातली होती.

धडामनं किल्ली घेतली नाही. तो क्रेनकडे वर बघत राहिला. मग खिशातून मोबाइल काढून त्यावर काहीतरी लिहायला लागला. बराच वेळ लिहीत होता. साहेब म्हणाले, "अरे, लोक थांबलेत!" त्याचं आपलं चालूच. लिहून झाल्यावर त्यानं मोबाइल साहेबांसमोर धरला.

लाल पट्टी. साच्याला त्यातला शब्दही वाचता आला नसता. मग त्यानंच तो मोठ्यानं वाचून दाखवला, सगळ्यांसमोर. "एक. लॉक बसलंय की नाही ते मी बघितलं नाही. घाई केली. ड्रायव्हर वाचला तो चहामुळे, माझ्यामुळे नाही."

आता अख्ख्या यार्डात एकही हिरवं पान नव्हतं.

जहाजाचा कॅप्टन घड्याळ बघत खाली उतरला, तेव्हा साहेबांनी जावयांना फोन लावला आणि दात खाऊन म्हणाले, "बदला तो साचा." पट्टी गेली. जो जे लिहील ते जसंच्या तसं दिसायला लागलं, आणि रकाना रिकामा असेल तिथे 'सांगितलेलं नाही' असं यायला लागलं. माझ्या फोटोखाली आलं: अपघात, एकही नाही. मी ते तिथेच उभी राहून वाचलं. वाचून परत वाचलं. डोळे पुसले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

साहेबांनी किल्ली दिली, पण त्यांना राग कुठेतरी काढायचाच होता. धडामकडे बोट करून म्हणाले, "ह्याला मात्र मी आजच काढतो. आता तर त्यानं स्वतःच लिहून दिलंय. तुम्हालाही तेच हवं होतं ना, बाई?"

परवापर्यंत हवं होतं, खोटं कशाला बोलू.

"साहेब," मी म्हटलं, "रकाना रिकामा होता तेव्हा त्याला ठेवलात, आणि भरल्यावर काढता? तो गेला तर उद्यापासून एकजणही खरं लिहिणार नाही. मी वर जातेय. खाली उभं राहून मला इशारे द्यायला आज हाच पाहिजे. लॉक बसलंय असं हा म्हणाला तरच मी उचलणार, दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

आणि मी शिडी चढायला लागले. अर्ध्यावर पोचले तोच वॉकीटॉकी खरखरला. धडामचा आवाज आला. "मावशी, थांबा. मी चारही कोपरे बघून येतो."

"ये, बघून ये," मी म्हटलं. "परत एकदा बघ. मला घाई नाही."